वेब ॲपमधली फरदड: डेड कोड शोधायचा कसा आणि काढायचा कधी

दारव्ह्याकडच्या एका तरुण डेव्हलपरचा प्रश्न आहे. शेतकरी उत्पादक कंपनीचं शेतमाल खरेदीचं वेब ॲप त्यांच्या गळ्यात पडलंय. मागे सर्व्हरवर पीएचपीचं लॅरावेल, पुढे ब्राउझरात जावास्क्रिप्टचं व्ह्यू, सात वर्षं जुनं, आधी तिघांनी हात फिरवलेला. एकेका कामाची दोन-दोन, तीन-तीन फंक्शनं आहेत. कोणतं चालतं आणि कोणतं नुसतं पडून आहे, पत्ता लागत नाही. न वापरलेला कोड, म्हणजे डेड कोड, शोधायला कोणतं टूल घ्यावं आणि काही न मोडता तो काढावा कसा, असं ते विचारतात.

भाऊ, टूल सांगतोच. पण आधी माझी फजिती ऐका, कारण ती टूलच्याच भरवशावर झाली.

वर्धा जिल्ह्यातल्या एका खरेदीदाराचं असंच ॲप मी सांभाळत होतो. जूनमध्ये लॉग लावला आणि नोव्हेंबरपर्यंत कोणती फंक्शनं चालली ते टिपलं. सहा महिन्यांत एकदाही न हललेल्या फंक्शनांची यादी निघाली. एकेक नाव गिट ग्रेपने, म्हणजे अख्ख्या कोडमध्ये शब्द शोधणाऱ्या कमांडने, शोधलं. कुठूनही बोलावणं नाही. डिसेंबरात सगळी उडवली आणि स्वतःवर खूश झालो. फेब्रुवारीत सकाळी साडेसातला काट्यावरून मापाऱ्याचा फोन आला: ‘भाऊ, काटा तं वजन दाखवून राहिला, पण पट्टी नाई निघून राहिली. तुरीच्या गाड्या लागल्या इथं.’

झालं होतं असं की ओलाव्याची कपात काढणाऱ्या फंक्शनचं नाव कोड स्वतःच जुळवत होता. आधी ‘कपात’ हा शब्द, त्याला व्हेरिएबलमधून आलेलं पिकाचं नाव चिकटवायचं, आणि जे नाव तयार होईल ते फंक्शन चालवायचं. ‘कपाततूर’ हे अख्खं नाव त्या फंक्शनच्या व्याख्येशिवाय कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ग्रेपला सापडलं नाही. आणि जून ते नोव्हेंबर आमच्याकडे तूर शेतातच उभी असते, म्हणून लॉगलाही दिसलं नाही. कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला तो बदल, उलटवावा म्हटलं तर त्याच कमिटमध्ये मी हौसेने चार फंक्शनांची नावंही बदलली होती. तो सरळ उलटेना. दुपारपर्यंत दिवाणजींनी हाताने पट्ट्या फाडल्या, आणि त्या दिवसाचा चुकारा जुळवायला पुढचे दोन दिवस गेले.

तेव्हापासून मी टूलच्या यादीला संशयितांची यादी समजतो. गुन्हा सिद्ध करायला दुसरा पुरावा लागतो.

तुमच्या ॲपमध्ये सुरुवात सोप्या जागेपासून करा. कॉमेंट करून ठेवलेला कोड सरसकट काढा, कोणाला विचारू नका. ‘लागला तर असू द्या’ म्हणून तो ठेवलेला असतो, पण गिट २००५ पासून आहे आणि काढलेली प्रत्येक ओळ त्याच्या इतिहासात राहते. गिट लॉगला डॅश आणि कॅपिटल एस देऊन एखादं नाव दिलं, की ते नाव कोणत्या कमिटमध्ये आलं आणि कोणत्या कमिटमध्ये गेलं ते तो काढून देतो. हा पर्याय पुष्कळांना ठाऊकच नसतो. तो ठाऊक झाला की कॉमेंट करून ठेवायची सवय आपोआप सुटते.

त्यानंतर सर्व्हरवरचं फोल्डर आणि गिटमधलं फोल्डर शेजारी ठेवून फरक काढा. आपल्याकडच्या ॲपमध्ये हटकून काही तरी निघतं, कारण कोणीतरी कधीतरी एफटीपीने थेट फाइल चढवलेली असते. इंडेक्स-ओल्ड, इंडेक्स-ओल्ड-दोन, फायनल-नवीन, शिवाय डेटाबेस बघायला टाकलेलं आणि तसंच राहिलेलं एखादं पान. पब्लिक फोल्डरमध्ये पडलेली पीएचपी फाइल डेड नसते. तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की ती चालते. तुमच्या मेन्यूत तिची लिंक नसेल, पण पत्ते चाचपडत फिरणाऱ्या बॉटला लिंक लागत नाही.

याचं नेमकं उदाहरण म्हणजे पीएचपीयुनिट. हे टेस्ट चालवायचं साधन, डेव्हलपरच्या मशीनपुरतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत एक छोटी फाइल होती. तिला बाहेरून कोड पाठवला की ती तो चालवायची. २०१७ मध्ये या दोषाला रीतसर क्रमांक मिळाला, दुरुस्त आवृत्त्या तर त्याआधीच आल्या होत्या. पण ज्यांनी वेंडर, म्हणजे बाहेरच्या पॅकेजेसचं फोल्डर, सगळंच्या सगळं सर्व्हरवर टाकलं होतं आणि ते वेबवरून उघडं होतं, त्यांच्याकडे न वापरलेल्या साधनातून कोणीही आत येऊ शकत होतं. सर्व्हरवर कंपोजर (पीएचपीची पॅकेजेस बसवणारं साधन) चालवताना नो-डेव्ह लावा आणि वेब सर्व्हरचं मूळ फोल्डर पब्लिक हेच आहे ना, तेवढं बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. हंगाम संपला, तरी ‘अजून एक वेचा निघेल’ म्हणून पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवायची, ती फरदड. त्या वेच्यात दोन पैसे येतात, पण गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामात उतरते. २०१७ मध्ये विदर्भाने तिचा तडाखा पाहिला. फरदड घेऊ नका असं अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था तेव्हापासून घसा कोरडा करून सांगतात. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या कंपनीचं जे झालं ते याच जातीचं होतं. ‘पॉवर पेग’ नावाचा त्यांचा एक भाग २००३ पासून बंद होता, पण कोड तसाच ठेवलेला. तो चालू करणारा फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण, त्यांनी नव्या कामासाठी वापरायला घेतला. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, गेला सातवर. आठव्यावर त्या फ्लॅगने नऊ वर्षं झोपलेला जुना कोड उठवला, आणि १ ऑगस्टच्या सकाळी ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. म्हणून जुना फ्लॅग नव्या कामाला कधीही घेऊ नका. नवं नाव द्या, जुनं काढा.

आता तुमच्या व्ह्यूच्या बाजूकडे येऊ. क्रोममध्ये २०१७ पासून, म्हणजे ५९व्या आवृत्तीपासून, कव्हरेज नावाचा टॅब आहे. डेव्हटूल्स उघडून कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, कव्हरेज लिहा, रेकॉर्ड सुरू करून पान पुन्हा लोड करा. कोणत्या जेएस आणि सीएसएस फाइलचे किती बाइट वापरले गेले आणि किती नाही, ते पट्टीत दिसतं, न वापरलेले लाल. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, निम्म्याहून जास्त लाल असतं. घाबरू नका आणि ते लगेच कापूही नका. तेवढ्या वेळात त्या एका पानावर काय चाललं, इतकंच तो टॅब सांगतो. पट्टी छापायचं बटण दाबलं नाही, तर छपाईचा कोड लालच दिसणार. त्यामुळे त्या टॅबचा खरा उपयोग काय काढायचं यापेक्षा काय वेगळं करून मागाहून लोड करायचं, हे कळायला होतो. आमच्या ॲपमध्ये लॉगिनच्या पानावरच अख्खी चार्टची लायब्ररी येत होती. चार्ट बघणारे दोन संचालक, आणि लायब्ररी उतरवायचा काट्यावरचा मापारी, तेही त्याच्या मोबाइलच्या दोन काड्यांच्या रेंजवर.

न वापरलेल्या फाइल, एक्सपोर्ट आणि पॅकेजेस शोधायला निप हे टूल घ्या. पूर्वी टीएस-प्रून वापरायचे, आता तेच टूल लोकांना निपकडे पाठवतं. निपला तुमची सुरुवातीची फाइल नीट दाखवून द्या, नाहीतर तो अर्धा प्रोजेक्ट निकामी ठरवेल. पॅकेजच्या यादीत मोमेंट ही तारखांची लायब्ररी दिसली तर तेही बघा. ते २०२० पासून फक्त देखभालीवर आहे, आणि बऱ्याच ठिकाणी एक तारीख दाखवायला जगभरच्या भाषांच्या फाइल सोबत ओढून आणतं.

बंडलर (सगळ्या जेएस फाइल एकत्र बांधणारं साधन) आपोआप न लागणारा कोड झटकतो ना, मग आपण कशाला काढायचा, असंही विचारतात. हे झटकणं, म्हणजे ट्री-शेकिंग, चालतं ते ईएस मॉड्यूलच्या इम्पोर्ट-एक्सपोर्टवर, कारण ते वाचूनच कळतात. रिक्वायरवाल्या जुन्या पद्धतीच्या पॅकेजमध्ये त्याचा हात आखडतो. आणि झटकलेला कोड ब्राउझरपर्यंत गेला नाही, तरी तुमच्या डोळ्यांपुढे तो राहतोच. पुढचा पोरगा तोच वाचून गोंधळेल.

सीएसएसमध्ये माझ्या तुरीचाच सापळा पुन्हा आहे. टेलविंड किंवा पर्ज-सीएसएस ही साधनं फाइलमध्ये लिहिलेली क्लासची नावं अक्षरशः शोधतात. तुम्ही रंगाचं नाव व्हेरिएबलमधून जोडून क्लास बनवत असाल, तर तो क्लास त्यांना दिसणार नाही आणि बिल्डमधून गळेल. तुमच्या मशीनवर कधीकधी सगळं ठीक दिसतं, आणि सर्व्हरवर मात्र नामंजूर पट्टीचा लाल रंग गायब. उपाय कंटाळवाणा आहे: पूर्ण नावं लिहून एका यादीत ठेवायची.

लॅरावेलच्या बाजूला खरी मेहनत आहे. पीएचपीस्टॅन हे कोड न चालवता तपासणारं टूल. तो न वापरलेल्या प्रायव्हेट मेथड सांगतो, पण पब्लिकवर तो गप्प राहतो. त्याला शिपमंकचं डेड कोड डिटेक्टर जोडा, किंवा साम या दुसऱ्या तशाच टूलचं न वापरलेला कोड शोधणारं सेटिंग लावा. कंपोजर-अनयूज्ड पॅकेजेसचं बघेल. पायथन असतं तर व्हल्चर सांगितलं असतं. नाव मात्र नेमकं ठेवलंय, गिधाड. पण लॅरावेलमध्ये अर्धी बोलावणी मजकुरातून आणि डेटातून होतात, तिथे ही टूल्स आंधळी असतात. रूटची, म्हणजे ॲपच्या पत्त्यांची, यादी आर्टिसन या लॅरावेलच्या कमांडने काढा, ब्लेडची (लॅरावेलच्या साच्यांची) पानं नावाने शोधा, क्रॉनमध्ये ठरल्या वेळी आपोआप चालायला काय लावलंय ते सर्व्हरवर जाऊन बघा.

दोन जागी मी लोकांना तोंडावर पडताना पाहिलंय. पहिली जागा क्यू, म्हणजे मागाहून करायच्या कामांची रांग. एखादं जॉब रांगेत टाकलं की त्याच्या क्लासचं नाव त्या नोंदीत जातं. तुम्ही क्लास काढला आणि एसएमएस पाठवायची चार जॉब रांगेत किंवा फेल झालेल्यांच्या टेबलात पडून असली, तर ती उघडताना मोडतात. म्हणून आधी जॉब टाकणारी ओळ काढा, रांग रिकामी होऊ द्या, मग क्लास काढा. दुसरी जागा पॉलिमॉर्फिक संबंध, म्हणजे एकाच टेबलातल्या नोंदी वेगवेगळ्या मॉडेलना जोडणारे. तिथे डेटाबेसच्या रकान्यात मॉडेलच्या क्लासचं अख्खं नाव लिहिलेलं असतं. कोडमध्ये ते मॉडेल कोणी वापरत नाही असं टूल म्हणेल, आणि २०१९ सालची कागदपत्रं उघडायला गेलात की ॲप ओरडेल. अशा रकान्यांत आज कोणकोणती नावं पडली आहेत, ती एका क्वेरीने आधी काढून बघा.

एवढं झालं की संशयितांची यादी हाती येते. आता पुरावा. प्रत्येक संशयित फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक नोंद लावा: तारीख, फंक्शनचं नाव, कोणत्या पत्त्यावरून आलं, कोणत्या युजरने आणलं. याला टूम्बस्टोन म्हणतात, थडग्यावरचा दगड. दगड लावल्यावर मेलेला बोलला तर तो जिवंत आहे. दर वेळी लिहू नका, दिवसातून एकदा पुरे, नाहीतर हंगामात लॉगनेच डिस्क भरेल. आणि ही नोंद वेगळ्या टेबलात ठेवा. वेब सर्व्हरच्या लॉगवर विसंबू नका. उबुंटूवर एनजिनेक्सचे लॉग मूळ सेटिंगमध्ये चौदा दिवसांनी गळून जातात.

दगड किती दिवस ठेवायचा? पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत तीस दिवस, नव्वद दिवस म्हणतात. त्यांचं ॲप रोज सारखंच चालत असेल. आपलं ॲप पिकावर चालतं. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन, दिवाळीपासून कापूस, जानेवारीअखेर तूर, मागोमाग हरभरा, ३१ मार्चला वर्षअखेर, मे-जूनमध्ये बियाणं. भंडारा-गोंदियाकडे असाल, तर उन्हाळी धानही मे-जूनमध्येच काट्यावर येतं. म्हणजे दसरा ते दसरा, पूर्ण वर्ष.

इतकं थांबायला तुम्हाला कोणी देणार नाही, ठाऊक आहे. मग मागचं वर्ष डेटाबेसकडून मागून घ्या. खरेदीच्या टेबलातून पीक, महिना आणि नोंदींची संख्या असा गट पाडून काढा. सात वर्षांचं ॲप आहे, सात हंगाम त्यात बसलेले आहेत. कोणत्या महिन्यात कोणतं पीक, कोणती कपात, कोणत्या प्रकारची पट्टी निघाली, ते दहा मिनिटांत समोर येतं. मी ही क्वेरी डिसेंबरातच चालवली असती, तर प्रत्येक फेब्रुवारीत तूर ठळक दिसली असती. एखाद्या कपातीची नोंद गेल्या तीन वर्षांत एकदाही नसेल, तर तिचा कोड काढायला तुमच्याकडे दगडापेक्षा भक्कम आधार आहे.

आणि माणसांना विचारा. माझ्या त्या वर्ध्याच्या ॲपमध्ये जुन्या आवकीच्या रजिस्टरचं एक पान होतं. मेन्यूतून कधीचं काढलेलं, कोडमध्ये कुठेही लिंक नाही. दगड मात्र दर मंगळवारी बोलायचा, दुपारी चारच्या सुमाराला, एकाच कॉम्प्युटरवरून. जाऊन बघितलं तर दिवाणजींनी ते पान बुकमार्क करून ठेवलेलं. मंगळवारी गावचा बाजार, त्या दिवसाची आवक त्यांना त्याच जुन्या मांडणीत छापून लागायची. मी म्हटलं, दिवाणजी, नवीन रिपोर्टमध्ये सगळं आहे. ते म्हणाले, ‘हाव ना, हाये सगळं. पण त्यात गावाचं नाव पयल्या रकान्यात नाई.’ नवीन रिपोर्टमध्ये रकाना पुढे घेतला, दोन आठवडे दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले, मग जुनं पान काढलं. रकाना पुढे घ्यायला मला दहा मिनिटंही लागली नव्हती, आणि ते पान दोन वर्षं सांभाळत बसलो होतो.

काढायचा क्रम मी असा ठेवतो. आधी दार बंद करायचं, म्हणजे रूट. काही दिवस त्या पत्त्यावर ४१०, म्हणजे ‘कायमचं काढलं’ असं सांगणारा कोड, द्यायचं आणि ‘हे पान बंद केलंय, लागत असेल तर फोन करा’ असं मराठीत लिहायचं. फोन आला नाही, तर कंट्रोलर आणि ब्लेड. मग ज्यांना आता कोणी बोलावत नाही ती आतली फंक्शनं. एक थर निघाला की खालचा उघडा पडतो, म्हणून टूल पुन्हा पुन्हा चालवायचं. पॅकेजेस त्याच्यानंतर. डेटाबेसचे रकाने सगळ्यात शेवटी, कारण कोड परत आणता येतो, काढलेल्या रकान्यातला डेटा बॅकअपशिवाय येत नाही. इंडेक्सच्या बाबतीत मायएसक्यूएल ८ ने सोय करून दिलीय: इंडेक्स आधी अदृश्य करता येतो. तो जागेवर राहतो, पण क्वेरी त्याला धरत नाही. हंगामाचा एक आठवडा काही मंदावलं नाही, तर मग तो काढा. जुन्या मायग्रेशन फाइल, म्हणजे डेटाबेसच्या रचनेत केलेल्या बदलांच्या, मात्र हाताने उडवू नका. फारच झाल्या असतील, तर लॅरावेल ८ पासून स्कीमा डंप आहे, तो त्या एका फाइलमध्ये गुंडाळतो.

एका कमिटमध्ये एकच विषय काढायचा, आणि त्या कमिटमध्ये दुसरं काहीही करायचं नाही. नाव सुधारणं नाही, मोकळ्या जागा सारख्या करणं नाही. फेब्रुवारीतल्या त्या सकाळनंतर हा नियम मी कधी मोडलेला नाही.

टेस्ट नसतीलच तुमच्याकडे, आमच्याकडेही नव्हत्या. त्यावर मी केलेली तोड सांगतो. मागच्या वर्षीच्या प्रत्येक पिकाच्या शंभर-दोनशे काटापट्ट्या डेटाबेसमधून उचलायच्या. वजन, ओलावा, भाव हे आत द्यायचं आणि निव्वळ चुकारा जुन्या नोंदीशी पैशापर्यंत जुळतो का, ते स्क्रिप्टने तपासायचं. पट्ट्या निवडताना काठावरच्या मुद्दाम घ्या. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत कापसाचा ८ टक्के ओलावा धरून भाव असतो, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात आणि त्याच्या वर माल घेत नाहीत. तुमच्या कंपनीचा नियम असाच असेल, तर ८, साडेआठ, १२ आणि १२.१ अशा चारही पट्ट्या त्यात हव्यात. ही स्क्रिप्ट एकदा झाली की प्रत्येक काढणीनंतर चालवायची. मी आज कोणतंही जुनं ॲप हाती घेतलं तर टूल बसवायच्या आधी हेच करतो.

वेळ एप्रिल-मे ची निवडा. जिनिंगा थंडावलेल्या असतात, काट्यावर माणूस मोकळा असतो आणि त्याला चार प्रश्न विचारता येतात. दसऱ्याच्या पुढे-मागे एकही ओळ काढू नका, टूलने कितीही लाल दाखवलं तरी. बाजाराच्या दिवशी तर मुळीच नाही.

कमिटचा संदेश नीट लिहा. माझा एक नमुना देतो, याच साच्यात लिहीत चला:

‘काढलं: करडईची कपात आणि तिची पट्टी. शेवटची खरेदी एप्रिल २०१८, त्यानंतर टेबलात नोंद नाही. दगड दसरा ते दसरा, एकदाही बोलला नाही. विचारलं: दिवाणजी, काट्यावरचे दोघे. जुन्या पट्ट्या छापण्याचा कोड वेगळा आहे, तो ठेवला. करडई पुन्हा सुरू झाली तर हा कमिट उलटवायचा.’